डॉ. रखमाबाई : खटल्यापलीकडचे आयुष्य

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात रखमाबाईंचे नाव बहुधा एका परिच्छेदापुरते येते. बालविवाह, नवऱ्याने लावलेला दावा, कोर्टाचा निकाल, संमतिवयाचा वाद; एवढे झाले की पान उलटते. आपणही परीक्षेपुरते तेवढेच पाठ करतो. परंतु तो खटला अवघी चार वर्षे चालला. तो मिटल्यानंतर रखमाबाई आणखी 67 वर्षे जगल्या, आणि त्यांतील जवळजवळ 35 वर्षे त्यांनी आजारी बायकांच्या आणि बाळंतिणींच्या खाटेशी उभे राहून काढली. खटल्यातल्या रखमाबाई आणि दवाखान्यातल्या रखमाबाई या दोन निराळ्या व्यक्ती नव्हेत. कोर्टात त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याचेच उत्तर त्या पुढे आयुष्यभर देत राहिल्या. या लेखात त्यांचे चरित्र त्या दृष्टीने सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग आणि आईचे जयंतीबाई. आईचे लग्न 14 व्या वर्षी झाले, 15 व्या वर्षी रखमाबाई जन्मल्या आणि 17 व्या वर्षी जयंतीबाई विधवा झाल्या. आज ज्या वयात मुली अकरावी-बारावीच्या वर्गात बसतात, त्या वयात या बाईचा संसार मांडून मोडलाही होता. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुनर्विवाहाची मुभा होती. पतीची मालमत्ता मुलीच्या नावे करून काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे, सुधारकी वृत्तीचे हे विद्वान डॉक्टर रखमाबाईंना पित्याच्या ठिकाणी लाभले.

असे असूनही रूढी चुकली नाही. 11 व्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. दादाजी तेव्हा विशीच्या आतबाहेर होते. काही महिन्यांतच मुलगी न्हातीधुती झाली आणि घरात गर्भाधान संस्काराची बोलणी सुरू झाली. येथे मात्र डॉ. सखाराम अर्जुन आडवे आले. इतक्या कोवळ्या वयात हा विधी करू द्यायला त्यांनी नकार दिला.

या नकाराचे मोल नीट समजून घेतले पाहिजे. मुलगी ऋतुमती झाली म्हणजे तिचे शरीर मातृत्वासाठी तयार झाले, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. वस्तुतः पाळी सुरू झाल्यानंतरही काही वर्षे मुलीची वाढ चालूच असते. कटीची हाडे पुरेशी रुंद झालेली नसतात. अशा वेळी दिवस गेले तर बाळाच्या डोक्याला वाट मिळत नाही आणि बाई अडते. कोवळ्या आईला रक्तक्षयाचा धोका अधिक, रक्तदाब वाढून आकडी येण्याचा धोका अधिक, आणि दिवस पुरे होण्याआधी, कमी वजनाचे मूल जन्मण्याचाही अधिक. तेव्हाच्या डॉक्टरांना यातील सारे काही ठाऊक नव्हते. परंतु अडलेल्या लहानग्या बाळंतिणी त्यांनी पाहिल्या होत्या.

लग्नानंतरही रखमाबाई माहेरीच राहिल्या. घरी बसून त्यांनी इंग्रजी वाचनाचा ध्यास घेतला. दादाजी मात्र शिक्षणात रमले नाहीत. ते मामाच्या घरी राहू लागले आणि आजारी पडले. अशी आठेक वर्षे गेल्यावर त्यांनी पत्नीला नांदायला पाठवावे म्हणून मागणी केली आणि 1884 मध्ये मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंनी जाण्यास नकार दिला. जाणत्या वयात, स्वतःच्या संमतीने आपण हे लग्न केलेले नाही, हे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी एका हिंदू स्त्रीच्या टोपणनावाने रखमाबाईंनी टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रे लिहिली आणि सारा देश ढवळून निघाला. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुण्याच्या केसरीने कडक टीका केली. दादाजींनी अपील केले. ते मंजूर होऊन खटला पुन्हा चालला, आणि 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की रखमाबाईंनी नांदायला जावे, नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगावी. रखमाबाईंनी कैद भोगण्याची तयारी दाखवली.

या निकालाच्या सहाच दिवस आधी, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले होते. आनंदीबाई 14 व्या वर्षी आई झाल्या, त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले, आणि त्याच दुःखातून त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या. पण रुग्णांची सेवा करण्याआधीच क्षयाने त्यांना गाठले. दोघींच्या वयात जेमतेम चार महिन्यांचे अंतर. एकीच्या हाती विद्या आली पण आयुष्य राहिले नाही. दुसरीपुढे आयुष्य होते पण वाट बंद होती. महाराष्ट्राच्या स्त्रीजीवनातला हा आठवडा विसरता येण्याजोगा नाही.

1888 मध्ये तडजोड झाली. दादाजींनी 2000 रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई मोकळ्या झाल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना धीर दिला, मदतीसाठी निधी उभा राहिला, आणि 1889 मध्ये त्या विलायतेला गेल्या. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यक विद्यालयात शिकून 1894 मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

स्वदेशी परतल्यावर 1895 मध्ये त्यांनी सुरतेच्या स्त्रियांच्या इस्पितळाची सूत्रे हाती घेतली. हिंदुस्थानात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते. पण त्या काळी डॉक्टरपाशी होते तरी काय? रक्तदाब मोजण्याचे सोयीचे यंत्र इटलीत 1896 मध्ये पुढे आले. बाळंतरोगाला आवर घालणारी सल्फा औषधे 1930 नंतरच्या दशकात आली, आणि पेनिसिलीन त्याहून मागाहून. गरोदर बाईची बाळंतपणाआधी नियमित तपासणी करावी, ही कल्पनाही नवीच होती, एडिंबरोच्या डॉ. बॅलंटाइन यांनी गरोदर स्त्रियांसाठी वेगळ्या रुग्णालयाची मागणी मांडली ती 1901 मध्ये. म्हणजे शिकलेला हात, कान देऊन ऐकण्याची सवय, उकळलेले पाणी, जंतुनाशक द्रव आणि पोटातले मूल आडवे आहे की उभे हे ओळखण्याचे कसब, एवढीच काय ती त्या पिढीची शिदोरी.

परंतु ही शिदोरीसुद्धा बाई दारात आली तर उपयोगाची. सुरतेच्या बायका बाळंतपणासाठी इस्पितळात येईनात. घरातली अंधारी खोली, ओळखीची सुईण आणि चुलीवरचे गरम पाणी एवढाच त्यांचा भरवसा. इस्पितळात जाते ती परत येत नाही, ही भीती मनात घट्ट बसलेली. ही भीती अगदीच खुळी म्हणता येणार नाही. अखेरच्या घटकेला, सारे उपाय थकल्यावर बाईला आणले जाई आणि मग ती दगावली की दोष इस्पितळाला लागे. सोवळेओवळे, परक्या हातचे पाणी, पुरुषांची नजर, या अडचणी होत्याच.

याबाबत एक हकीकत सांगितली जाते. रखमाबाईंनी म्हणे एक गाभण बकरी इस्पितळात आणून तिचे बाळंतपण केले. बकरी आणि पिल्लू दोन्ही सुखरूप राहिली. ही वार्ता पाहता पाहता गावभर झाली, आणि बकरी वाचते तर आपणही वाचू, या विचाराने बायका हळूहळू येऊ लागल्या. या हकीकतीत हसण्यासारखे खूप आहे, पण तिच्यामागची समज फार खोल आहे. रखमाबाई बायकांच्या अडाणीपणावर व्याख्यान देत बसल्या नाहीत. भीती कशाची आहे ते त्यांनी ओळखले आणि डोळ्यांना दिसेल असे उत्तर दिले. उत्तम डॉक्टर आणि उत्तम इस्पितळ असूनही बाईच्या मनात विश्वास नसेल तर उपचार तिच्यापर्यंत पोचत नाहीत, हे त्यांना उमगले होते. ज्या स्त्रीला स्वतःला एका घराचा उंबरठा बळाने ओलांडायला लावले जात होते, तिने दुसऱ्या स्त्रियांना इस्पितळाचा उंबरठा कधी बळाने ओलांडायला लावला नाही.

सुरतेत दोन दशकांहून अधिक काळ काढून त्या राजकोटच्या जनाना इस्पितळात गेल्या आणि तेथेही दहाबारा वर्षे राबल्या. निवृत्तीच्या सुमारास, 1929 मध्ये, त्यांनी पडदापद्धतीच्या विरुद्ध एक पुस्तिका लिहिली. कोर्टाच्या आवारात सुरू झालेली लेखणी वयाच्या पासष्टीतही थांबली नव्हती. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. 1904 मध्ये दादाजी वारले, तेव्हा ज्या नात्याला त्यांनी जन्मभर मान्यता दिली नाही, त्याच नात्याने त्यांनी विधवेची पांढरी वस्त्रे धारण केली. या विसंगतीचा उलगडा ज्याने त्याने आपापल्या परीने करावा; रूढीशी झगडणारे माणूसही रूढीतच वाढलेले असते, एवढे मात्र खरे. 25 सप्टेंबर 1955 रोजी, वयाच्या 90 व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

त्यांच्या हयातीत कायदा हळूहळू सरकला. 1891 मध्ये संमतिवय 10 वरून 12 झाले. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय 14 ठरले, 1949 मध्ये ते 15 झाले, आणि 18 व्हायला 1978 साल उजाडावे लागले. 11 व्या वर्षी बोहल्यावर चढलेली मुलगी या मार्गावर उभी होती, तेव्हा पुढे कोणीही नव्हते.

आज चित्र पालटले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. 2018-20 च्या सरकारी आकडेवारीनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात 97, तर महाराष्ट्रात 33 माता दगावल्या. रखमाबाईंच्या पिढीला हे स्वप्नच वाटले असते. गरोदरपणी निदान चार वेळा तपासणी, रक्तदाब, लघवी, रक्तातील लोह, धनुर्वाताची लस, या गोष्टी आता प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतात. परंतु 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडेही डोळ्यांआड करता येत नाहीत. देशातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे 52.2 टक्के, गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे. आणि 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण देशात 23.3 टक्के, तर आपल्या या पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात 21.9 टक्के आहे. म्हणजे पाचांत एक!

हा आकडा दूरच्या कोण्या गावाचा नाही. दिवाळीच्या सुटीनंतर कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गात एखादा बाक रिकामा राहतो. हजेरी घेताना सर दोन-तीन दिवस नाव पुकारतात, मागून कोणीतरी हळूच तिचे लग्न झाल्याचे सांगते, आणि नावापुढे रेघ ओढली जाते. आपण सारे हे पाहतो आणि पुढच्या तासाला जातो. ती मुलगी पुढे कोणत्या वयात आई होते, तिच्या अंगात रक्त किती असते, तिला तपासायला कोणी नेते की नाही, हे आपल्याला कळतही नाही.

रखमाबाईंपुढे कायदा त्यांच्या विरुद्ध उभा होता, समाज विरुद्ध होता, शास्त्रही अपुरे होते. आपल्या बाजूला आज कायदा आहे, शास्त्र आहे, दवाखाना आहे. तरीही तो बाक रिकामा होत असेल, तर उणीव कोठे आहे, याचा विचार आपण प्रत्येकाने आपल्या घरापासून सुरू केला पाहिजे. रखमाबाईंचे स्मरण करायचे ते त्यासाठी.