स्नूकरचे जनक नेव्हिल चेंबरलेन

गोट्या खेळताना आपण आयत्या वेळी नवा नियम काढतो आणि मग भांडत बसतो. अशाच आयत्या वेळच्या नियमांतून एक जगन्मान्य खेळ आजच्या मध्य प्रदेशात जन्मास आला.

नेव्हिल चेंबरलेन यांचा जन्म १८५६ सालचा. इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन ते हे नव्हेत. १८७५ च्या पावसाळ्यात हे तरुण लष्करी अधिकारी जबलपूर येथे होते. आपल्या महूसारखीच तीही छावणी. बिलियर्डच्या टेबलावर ते नवनवे रंगीत चेंडू मिसळीत आणि रंगागणिक नियम ठरवीत. एकदा एका सोबत्याचा नेम चुकला. लष्करी विद्यालयातील नवख्यास लावीत तो ‘स्नूकर’ हा शब्द चेंबरलेन यांनी त्यास थट्टेने लावला. पण तो दुखावू नये म्हणून, या खेळात आपण सारेच नवखे, असे सांगून त्यांनी तेच नाव खेळास दिले.

पुढे अफगाण युद्धात ते जखमी झाले. १८८२ साली उटकमंडच्या क्लबात नियम लेखी झाले, तेव्हा कोठे खेळास स्थैर्य आले. जनकत्वाविषयी वाद निघताच १९३८ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी पत्र लिहून हकीकत प्रसिद्ध केली. जुन्या परिचितांनी तीस दुजोरा दिला. १९४४ साली ते निवर्तले.

नियम कोणीही काढावा. मात्र तो सर्वांस मान्य आणि सर्वांस सारखा असावा.