कुशिंगचा तक्ता

स्मरणिकेसाठी आपापल्या मनातल्या मोठ्या माणसावर लिहा, असं समितीने कळवलं. मी उत्तर देईपर्यंत टिळक, सावित्रीबाई, लतादीदी ही नावं वर्गमित्रांनी घेऊन टाकली होती. मी मेंदूची ऑपरेशनं करणारा माणूस. तेव्हा आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव घेतो, हार्वे कुशिंग.

त्याची आणि माझी खरी ओळख एका चुकीतून झाली. इंटर्नशिपला एका लहान गावच्या दवाखान्यात होतो. रात्री चिंचेवरून पडलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा आणला. रक्तदाब १८०, नाडी ५०. दोन्ही आकडे मी कागदावर नीट लिहिले, नाडी शांत आहे म्हणून निर्धास्तही झालो. पहाटे त्याचा श्वास अडखळू लागला. शहरात न्यायला गाडी येईपर्यंत तो गेला. नंतर वरिष्ठांनी कागदावरच्या त्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

कुशिंग १८६९ साली अमेरिकेत, क्लीव्हलंडला जन्मला. घराणं डॉक्टरांचं, दहा भावंडांत हा धाकटा. हार्वर्डला शिकत असताना, १८९३ मध्ये, त्याला एका रुग्णाला ईथरची भूल द्यायला बसवलं. शिकवलेलं काहीच नव्हतं, तेव्हाची रीतच तशी. रुग्ण दगावला. वैद्यकी सोडून द्यावी असं त्याच्या मनात आलं. सोडली नाही, पुढे कॉडमन या सहाध्यायाबरोबर त्याने भूल देताना नाडी आणि श्वास लिहून ठेवायचा तक्ता तयार केला. आज ऑपरेशन टेबलाशेजारी जो भुलेचा कागद भरला जातो, त्याचा हा पूर्वज. मला त्याच्या सगळ्या कामांत हे काम सर्वांत मोठं वाटतं. सहकारी हसतात, हसोत.

जॉन्स हॉपकिन्सला हॉल्स्टेडच्या हाताखाली तो संथ, रक्त न सांडणारी शस्त्रक्रिया शिकला. मग युरोपात गेला. बर्नला कोखर यांच्याकडे त्याने प्राण्यांच्या कवटीतला दाब वाढवत नेऊन पाहिलं. दाब वाढला की मेंदूला रक्त पोचेनासं होतं. ते वर ढकलायला शरीर रक्तदाब चढवतं, नाडी मंदावते, शेवटी श्वास बिघडतो. माझ्या कागदावर नेमकं हेच लिहिलेलं होतं. १९०१ मध्ये इटलीत पाव्हिया इथे त्याने रिव्हा-रोच्ची यांचा रक्तदाब मोजायचा दंडाचा पट्टा पाहिला आणि तो अमेरिकेला नेला.

मेंदूतली बारीक रक्तवाहिनी दोऱ्याने बांधता येत नाही. त्यासाठी १९११ मध्ये त्याने चांदीच्या चिमुकल्या क्लिपा काढल्या. १९२६ मध्ये बोव्ही या शास्त्रज्ञाच्या यंत्राने विजेवर रक्तस्राव थांबवायला सुरुवात केली आणि आधी हात न लावता सोडून दिलेल्या गाठींकडे तो परत वळला. १९३१ मध्ये मेंदूच्या गाठीचं त्याचं दोन हजारावं ऑपरेशन झालं. एके काळी बहुधा मरणच आणणाऱ्या या शस्त्रक्रियेत त्याच्याकडचा मृत्यूदर दहा टक्क्यांच्या खाली आला होता. पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीमुळे चेहरा गोल होणं, पोट सुटणं, रक्तदाब वाढणं, या आजाराला आज त्याचंच नाव आहे.

माणूस मात्र सोपा नव्हता. सहायकांवर आणि परिचारिकांवर भडकायचा, घरी फार थोडा असायचा. जून १९२६ मध्ये थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेल्याची बातमी आली. त्याने पत्नीला फोन केला आणि ठरलेलं ऑपरेशन करायला गेला. तेव्हा टेबलावरच्या माणसाचं काय, हा प्रश्न मला कळतो. तरीही मला स्वतःला ते जमलं नसतं, आणि जमावं असंही वाटत नाही. त्याच वर्षी ऑस्लरच्या चरित्राबद्दल त्याला पुलित्झर मिळालं. त्याचं त्या घरात काय अप्रूप राहिलं असेल?

त्याच्या रुग्णांच्या मेंदूंच्या बरण्या आणि छायाचित्रं येल विद्यापीठात जपून ठेवली आहेत. तो स्वतः ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने गेला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या तिसऱ्या पोकळीत सुमारे एक सेंटिमीटरची गाठ निघाली. तिचीही रीतसर नोंद झाली.