फादर मत्तेओ रिची यांचा मनांतला वाडा

परीक्षा जवळ आली म्हणजे आपल्या शाळेच्या पडवींत सकाळसंध्याकाळ घोकंपट्टीचा जो गजर चालतो, तो ऐकून मला नेहमीं एका इटालियन धर्मगुरूंची आठवण होते. त्यांना वारून चारशेंहून अधिक वर्षें लोटलीं. पाठांतराबद्दल ते चीन देशांतील विद्वानांत गाजले. पण त्यांचें साधन घोकणें हें नसून पाहणें हें होतें, आणि तेंही डोळे मिटून.

मत्तेओ रिची यांचा जन्म इटलींतील माचेराता गांवीं ६ ऑक्टोबर १५५२ रोजीं झाला. वडील औषधांचा व्यवसाय करीत. मुलानें वकील व्हावें म्हणून १५६८ सालीं त्यांनीं त्याला रोमला पाठविलें. तीन वर्षांनीं मुलानें कायदा सोडून जेझुइट संघांत प्रवेश केला. असें सांगतात कीं, त्याला परत आणावयास वडील घरून निघाले, पण वाटेंत तापानें पडले आणि ही ईश्वराचीच इच्छा असें समजून माघारीं फिरले. हें वाचतांना आमच्या कांहीं पालकांना आपल्या घरांतील वाद आठवतील!

रोमच्या कॉलेजांत रिची यांनीं क्लाव्हियस या नामांकित गणितज्ञांजवळ गणित व ज्योतिष यांचा अभ्यास केला. वक्तृत्वाबरोबर त्यांना स्मरणाची एक पुरातन कलाही शिकावयास मिळाली. तिचा उगम सिमोनिदीस नांवाच्या ग्रीक कवीच्या गोष्टींत सांपडतो. तो मेजवानींतून क्षणभर बाहेर गेला, तोंच मागें छत कोसळून आंतील सर्व पाहुणे चिरडून मेले. प्रेतें ओळखूं येईनात. तेव्हां कोण कोठें बसला होता हें दृश्य कवीनें मनांत उभें केलें आणि जागेवरून एकेकाचें नांव सांगितलें.

या गोष्टीवरून जुन्या लोकांनीं नियम बसविला, तो असा. जें लक्षांत ठेवावयाचें त्याचें एक ठळक चित्र कल्पावें, आणि तें परिचयाच्या घरांत ठराविक जागीं मांडावें. समजा, एक ओसरीवर, दुसरें माजघरांत, तिसरें स्वयंपाकघराच्या दारांत. पुढें मनानेंच त्या घरांतून चालत गेलें म्हणजे चित्रें ओळीनें भेटूं लागतात. क्रम सांभाळण्याचें काम जागा करते, आणि अर्थ सांभाळण्याचें काम चित्र करतें. चित्र मात्र मिळमिळीत नसावें. हंसूं येईल किंवा दचकावयास होईल असें तें असलें म्हणजे टिकतें.

१५७८ च्या मार्चांत लिस्बन सोडून रिची सप्टेंबरांत गोव्यास उतरले. तेथील सेंट पॉल कॉलेजांत ते शिकले आणि त्यांनीं शिकविलेंही. १५८० सालीं कोचीन येथें त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. गोव्यांतील देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान हे उच्च विषय शिकवूं नयेत असें वरिष्ठांनीं ठरविलें होतें. १५८१ च्या नोव्हेंबरांत या एकोणतीस वर्षांच्या तरुणानें रोममधील मुख्याधिकाऱ्यांस पत्र लिहून त्याला विरोध केला. विद्येनें माणूस गर्विष्ठ होतो असें म्हणावयाचें, तर तें युरोपांतील विद्यार्थ्यांसही लागू आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

१५८२ सालीं ते मकाव येथें आले आणि चिनी भाषेस त्यांनीं हात घातला. त्या लिपींत आपल्यासारखीं मुळाक्षरें नाहींत. चिन्हें हजारों, आणि प्रत्येकाचा आकार निराळा. तिशीच्या माणसाला तीं नव्यानें शिकावयाचीं होतीं. पण त्यांतील पुष्कळ चिन्हें लहान लहान चिन्हांच्या जोडणीनें बनलेलीं असतात, आणि चित्रें कल्पण्याची संवय असलेल्या मनाला ही जोडणी सोयीची पडली असावी. पुढील वर्षीं त्यांना देशाच्या अंतर्भागांत राहावयास मिळालें. ते दिवस सुखाचे नव्हते. १५९२ सालीं घरावर रात्रीं हल्ला झाला, तेव्हां खिडकींतून उडी टाकतांना त्यांचा पाय दुखावला व पुढें ते जन्मभर लंगडत चालले.

१५९५ सालीं ते नानचांग शहरीं गेले. आतां त्यांनीं चिनी विद्वानांचा पोषाख धारण केला होता. एका बैठकींत त्यांनीं मंडळींना हवीं तीं अक्षरें, कसलाही संबंध न ठेवतां, कागदावर लिहावयास सांगितलीं, एकदां वाचलीं आणि जशींच्या तशीं म्हणून दाखविलीं. मग शेवटापासून उलट म्हटलीं! अशीं चारशें-पांचशें अक्षरें आपण म्हणूं शकतों, असें त्यांनीं स्वतः पत्रांत लिहिलें आहे. विद्वान् चकित झाले, कारण स्मरणशक्तीची किंमत त्यांच्याइतकी कोणास ठाऊक असणार? सरकारी नोकरी परीक्षेवर अवलंबून, आणि परीक्षेचे ग्रंथ चार लाखांहून अधिक अक्षरांचे. रिचींच्या दारीं गर्दी लोटली. पाऱ्याची चांदी करण्याची विद्या यांना येते, अशा अफवेनेंही कांहीं जण येत. आत्म्याच्या कल्याणासाठीं येणारे सर्वांत थोडे, हें रिचींनीं प्रांजळपणें नमूद केलें आहे.

त्या प्रांताचे सुभेदार लू वान्गाय यांचे तीन मुलगे परीक्षेची तयारी करीत होते. त्यांच्यासाठीं रिचींनीं १५९६ सालीं चिनी भाषेंत स्मरणकलेवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांतील उदाहरण पाहा. एका दालनाच्या चार कोपऱ्यांत चार चित्रें मांडलेलीं आहेत. पहिल्या कोपऱ्यांत दोन योद्धे; एकानें भाला उगारला आहे आणि दुसऱ्यानें त्याचें मनगट धरून त्याला थांबविलें आहे. युद्ध या अर्थाच्या चिनी अक्षरांत भाला व थांबणें हीं दोन चिन्हें एकत्र असतात. दुसऱ्या कोपऱ्यांत पश्चिमेकडील एक मुसलमान स्त्री; कारण गरज या अर्थाचें अक्षर पश्चिम व स्त्री या चिन्हांचें बनलेलें दिसतें. तिसऱ्यांत विळ्यानें पीक कापणारा शेतकरी, म्हणजे धान्य आणि सुरी, यांवरून लाभ. चौथ्यांत मूल कडेवर घेतलेली दासी. स्त्री व मूल मिळून चांगलें असा अर्थ होतो. दालनांत एकदां नजर फिरविली कीं चारही अक्षरें क्रमानें हातीं येतात.

इतकें करूनही फळ काय मिळालें? थोरल्या मुलानें पुस्तक लक्षपूर्वक वाचलें आणि अभिप्राय दिला कीं, नियम तर खरे आहेत, पण ते उपयोगांत आणावयास मुळांतच उत्तम स्मरणशक्ति हवी. मुलगे परीक्षेंत यशस्वी झाले, पण तें यश जुन्या पद्धतीच्या पाठांतरानेंच मिळालेलें दिसतें. रिचींनीं हा अभिप्राय लपविला नाहीं. आपल्या वरिष्ठांस तो पत्रानें कळविला.

मला वाटतें, त्या मुलाचें म्हणणें निम्में बरोबर होतें. दुसऱ्यानें रंगविलेलीं चित्रें घेतलीं तर मूळ मजकूर आणि चित्र असा दुहेरी भार डोक्यावर पडतो. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर काढलेल्या नदीपेक्षां विद्यार्थ्यानें आपल्या वहींत वेडीवांकडी काढलेली नदी त्याला अधिक दिवस आठवते, हें मीं कितीदां तरी पाहिलें आहे. रिचींचा वाडा रिचींचा होता. त्यांत मुसलमान स्त्री आणि भालेकरी कोठें उभे करावयाचे हें त्यांनीं स्वतः योजिलें होतें. सुभेदाराच्या मुलांना तो वाडा भाड्यानें मिळाला.

पुढें रिचींनीं विद्वानांचीं मनें जिंकलीं तीं मुख्यतः दुसऱ्या साधनांनीं. चिनी नांवें घातलेला त्यांचा जगाचा मोठा नकाशा १६०२ सालीं छापला गेला. तोही एक चित्रच, नाहीं का? युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग त्यांनीं शू ग्वांगची या विद्वानाच्या मदतीनें चिनींत आणिले; ते १६०७ सालीं प्रसिद्ध झाले. १६०१ सालीं त्यांना पेकिंग येथें प्रवेश मिळाला. बादशहा वानली यांना त्यांनीं आपोआप वाजणारीं घड्याळें नजर केलीं. बादशहा परक्यांस भेटत नसत, म्हणून त्यांनीं दरबारच्या चित्रकारांकडून या पाहुण्यांचीं चित्रें काढवून आणविलीं आणि तींच पाहिलीं. रिची आणि बादशहा यांची समक्ष गांठ कधींच पडली नाहीं.

अखेरचीं दोन वर्षें रिची आपल्या चीनमधील कामाचा इतिहास लिहीत होते. ११ मे १६१० रोजीं पेकिंग येथें त्यांचें निधन झालें. बादशहांनीं शहराच्या पश्चिम वेशीबाहेर त्यांच्या कबरेसाठीं जागा दिली, आणि ती कबर आजही तेथें आहे.