बिल व्हेक : रिकाम्या खुर्च्यांशी झुंजलेला मालक

संघ जिंकू लागला की प्रेक्षक आपोआप येतात आणि हरू लागला की कितीही जाहिरात केली तरी येत नाहीत, अशी व्यावसायिक खेळांच्या जगात जुनी समजूत आहे. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये ही समजूत सतत पारखून पाहिली ती बिल व्हेक यांनी. १९४६ ते १९८१ या काळात क्लीव्हलंड, सेंट लुई आणि शिकागो येथील प्रमुख संघांची मालकी त्यांच्याकडे चार वेळा आली. त्यांतला एक संघ जगज्जेता ठरला, एक तळाशीच राहिला आणि एकाला चाळीस वर्षांनी लीगचे विजेतेपद मिळाले. त्यामुळे प्रेक्षक मैदानावर नेमका कशासाठी येतो, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांचे चरित्र आकडेवारीसह समोर ठेवता येते.

व्हेक यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१४ रोजी शिकागो येथे झाला. वडील विल्यम व्हेक क्रीडापत्रकार होते. शिकागो कब्स संघाच्या कारभारावर ते सडकून टीका करीत. च्युइंग गमच्या व्यवसायात नाव कमावलेले संघमालक विल्यम रिग्ली यांनी या टीकाकारालाच संघाच्या कारभारात घेतले आणि पुढे अध्यक्ष केले. त्यामुळे बिल यांचे बालपण मैदानातच गेले. प्रेक्षकांमध्ये फिरून खाद्यपदार्थ विकणे आणि तिकिटे देणे ही कामे त्यांनी पोरवयातच केली. १९३३ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा महाविद्यालय सोडून ते कब्सच्या कार्यालयात रुजू झाले. रिग्ली फील्ड या मैदानाच्या विटांच्या भिंतींवर आयव्हीच्या वेली चढविण्याचे काम १९३७ मध्ये त्यांच्याच देखरेखीखाली झाले. त्या वेळी ते अवघे २३ वर्षांचे होते.

१९४१ मध्ये माजी खेळाडू चार्ली ग्रिम यांच्या साथीने त्यांनी मिल्वॉकीचा, दुय्यम लीगमधला डबघाईला आलेला संघ विकत घेतला. येथे त्यांचा स्वभाव प्रथम जगासमोर आला. सामन्यात मध्येच एखाद्या प्रेक्षकाच्या हाती जिवंत कबुतरे, दुसऱ्याच्या हाती बर्फाची लादी अशा अजब भेटी ते देऊ लागले. या भेटींची जाहिरात ते मुद्दाम करीत नसत. आज काय घडेल हे कुणालाच ठाऊक नसावे, हाच त्यामागचा विचार होता. युद्धकाळात कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या कामगारांसाठी त्यांनी सकाळी सामने ठेवले आणि त्यांना न्याहारीही दिली. मात्र या गमतीजमतींच्या जोडीला मिल्वॉकीच्या संघाने १९४३ पासून सलग तीन वर्षे लीगचे विजेतेपद मिळविले, हे विसरून चालणार नाही.

दरम्यान व्हेक मरीन दलात दाखल झाले होते. दक्षिण प्रशांत महासागरातील आघाडीवर तोफेच्या धक्क्याने त्यांचा पाय चिरडला. पुढे तो कापावा लागला आणि आयुष्यभरात तीसहून अधिक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. लाकडी पायाला खोबण पाडून त्यात ते सिगारेटची राख झाडत. आपल्या दुःखाचाही त्यांनी असा विनोद करून टाकला.

१९४६ च्या जूनमध्ये त्यांनी क्लीव्हलंड इंडियन्स हा संघ घेतला. १९२० नंतर या संघाला विजेतेपद मिळाले नव्हते. व्हेक कधी टाय लावीत नसत. सामना सुरू असताना ते खास कक्षात न बसता प्रेक्षकांत फिरत, त्यांच्या तक्रारी ऐकत, कार्यालयात आलेला दूरध्वनी स्वतः उचलत. मैदानावर बालसंगोपनाची सोय, स्त्रियांना भेटवस्तू, विदूषकांचे खेळ, आतषबाजी या सर्व गोष्टी त्यांनी आणल्या. १९४६ मध्ये संघ सहाव्या स्थानावर राहिला, तरी प्रेक्षकसंख्या आदल्या वर्षीच्या साडेपाच लाखांवरून साडेदहा लाखांवर गेली. युद्ध संपल्यामुळे त्या वर्षी सर्वच मैदाने भरू लागली होती, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. पुढील वर्षी ही संख्या पंधरा लाखांच्या वर गेली.

तरीही निव्वळ करमणुकीवर आपला धंदा चालेल असे व्हेक यांनी कधी मानले नाही. जुलै १९४७ मध्ये त्यांनी लॅरी डोबी या तरुणाला संघात घेतले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी नॅशनल लीगमधील वर्णभेदाची भिंत पाडली होती. अमेरिकन लीगमधील ती भिंत डोबी यांच्या रूपाने कोसळली. डोबी ज्या न्यूअर्क ईगल्स संघातून आले, त्या कृष्णवर्णीयांच्या संघाला व्हेक यांनी रीतसर मोबदला दिला, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. जुलै १९४८ मध्ये ४२ वर्षांचे सॅचेल पेज संघात आले, तेव्हा हा केवळ गर्दी जमविण्याचा देखावा असल्याची टीका झाली. गर्दी तर जमलीच. पेज यांनी सुरुवातीपासून चेंडूफेक केलेल्या पहिल्या तीन सामन्यांना मिळून दोन लाखांवर प्रेक्षक आले. पण त्या हंगामात पेज यांच्या नावावर सहा विजय आणि एकच पराभव नोंदला गेला. आकर्षण आणि गुणवत्ता यांत व्हेक यांना विरोध दिसत नसे, तो यामुळे.

प्रेक्षकांशी असलेल्या या नात्याची किंमतही त्यांना मोजावी लागे. १९४७ च्या हंगामानंतर खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी सांभाळणारे लोकप्रिय लू बूद्रो यांना दुसऱ्या संघाकडे सोपविण्याचा घाट व्हेक यांनी घातला. शहरात संतापाची लाट उसळली. तेव्हा व्हेक रात्री रस्तोरस्ती आणि मद्यगृहांतून हिंडले, लोकांची क्षमा मागितली आणि बेत सोडून दिला. पुढील वर्षी बूद्रो लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि क्लीव्हलंडने वर्ल्ड सीरिज जिंकली. त्या हंगामात मैदानावर २६ लाख २० हजार ६२७ प्रेक्षक आले. हा विक्रम १९६२ पर्यंत अबाधित राहिला. एका रखवालदाराने, प्रत्येक वेळी तारांकित खेळाडूंचेच सत्कार का, असा सवाल वृत्तपत्रातून केला होता. व्हेक यांनी त्या सामान्य रसिकाच्याच सन्मानार्थ एक रात्र साजरी केली, त्याला मोटार भेट दिली आणि त्या रात्री आलेल्या स्त्रियांना हवाईहून विमानाने आणलेली ऑर्किडची फुले वाटली. १९४९ मध्ये संघ तिसऱ्या स्थानी घसरला, तेव्हा आदल्या वर्षीच्या विजयध्वजाची अंत्ययात्रा काढून त्यांनी मैदानातच तो पुरला. प्रेक्षकसंख्या मात्र सुमारे चार लाखांनी घटली होती. करमणूक तीच होती, विजय तेवढे कमी झाले होते.

घटस्फोटामुळे पैशाची निकड निर्माण होऊन व्हेक यांनी क्लीव्हलंडचा संघ विकला. १९५१ मध्ये त्यांनी घेतलेला सेंट लुई ब्राउन्स हा संघ म्हणजे त्यांची खरी कसोटी होती. १९५० च्या संपूर्ण हंगामात त्या संघाला जेमतेम अडीच लाख प्रेक्षक लाभले होते आणि शहरात कार्डिनल्स हा बलाढ्य प्रतिस्पर्धी होता. १९ ऑगस्ट १९५१ रोजी व्हेक यांनी ३ फूट ७ इंच उंचीच्या एडी गेडेल यांना फलंदाज म्हणून मैदानात उतरविले. त्यांच्या गणवेशावर एक अष्टमांश हा अंक होता. बेसबॉलमध्ये त्या काळच्या नियमानुसार फलंदाजाच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून चेंडू टाकावा लागे. हा पट्टा इतका लहान झाला की चारही चेंडू उंचावरून गेले आणि गेडेल यांना पहिला तळ विनासायास मिळाला. लीगच्या अध्यक्षांनी तत्काळ त्यांचा करार रद्द केला. एका माणसाच्या उंचीचा असा तमाशा करणे आज अनेकांना खटकेल. त्यानंतर पाचच दिवसांनी हजारो प्रेक्षकांच्या हाती होय आणि नाही असे फलक देऊन, संघाचे डावपेच त्यांच्या बहुमताने ठरविण्यात आले. तो सामना ब्राउन्सने जिंकला!

१९५२ मध्ये ब्राउन्स आठ संघांत सातवे आले, तरीही प्रेक्षकसंख्या पाच लाखांवर गेली. हरणाऱ्या संघालाही कल्पकतेने प्रेक्षक मिळवून देता येतात, याचा हा पुरावा होता. पण तेवढ्यावर उत्तम खेळाडू टिकविता येत नव्हते. दूरचित्रवाणीचे उत्पन्न पाहुण्या संघालाही मिळावे, हा व्हेक यांचा आग्रह श्रीमंत मालकांना रुचला नाही. १९५३ मध्ये एका बड्या मद्यकंपनीने कार्डिनल्स विकत घेताच व्हेक यांनी आपली बाजू हरल्याचे ओळखले. संघ अन्यत्र हलविण्याची परवानगी इतर मालकांनी नाकारली. संघ शहर सोडू पाहतो आहे हे कळल्यावर प्रेक्षकांनीही पाठ फिरविली आणि संख्या पुन्हा तीन लाखांखाली आली. अखेर व्हेक यांना संघ विकावा लागला आणि मगच तो बाल्टिमोरला गेला. जो संघ आपला राहणार नाही त्यासाठी लोक तिकीट काढीत नाहीत, हा धडा त्या वर्षीच्या आकड्यांत आहे.

१९५९ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि त्याच वर्षी या संघाने १९१९ नंतर प्रथमच लीगचे विजेतेपद मिळविले. प्रेक्षकसंख्या आठ लाखांवरून चौदा लाखांवर गेली. १९६० मध्ये संघ तिसरा आला, तरी ती आणखी वाढून साडेसोळा लाखांच्या घरात पोहोचली. विजयाचा लाभ पुढील वर्षीच्या तिकीटविक्रीतही मिळतो, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी व्हेक यांनी आतषबाजी करणारा धावफलक उभारला आणि खेळाडूंच्या पाठीवर नावे छापली. कोण खेळतो आहे हे दूर बसलेल्या प्रेक्षकाला कळावे, ही साधी गरज त्यांनी ओळखली होती. प्रकृतीमुळे १९६१ मध्ये ते निवृत्त झाले. पुढील वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

डिसेंबर १९७५ मध्ये त्यांनी पुन्हा व्हाइट सॉक्स घेतला. पण काळ बदलला होता. खेळाडूंना करारातून मुक्त होऊन जास्त मोल देणाऱ्या संघाकडे जाण्याची मुभा मिळू लागली होती. गंमत अशी की खेळाडूंच्या या हक्कासाठी १९७० मध्ये खुद्द व्हेक यांनीच न्यायालयात साक्ष दिली होती. आता त्यांच्या मर्यादित भांडवलाला तोच हक्क पेलवेना. १९७७ मध्ये करार संपत आलेले फटकेबाज जमवून त्यांनी ९० सामने जिंकले आणि साडेसोळा लाखांवर प्रेक्षक खेचले. हंगाम संपताच ते फटकेबाज निघून गेले. १२ जुलै १९७९ रोजी डिस्को संगीताच्या तबकड्या मैदानावर फोडण्याचा कार्यक्रम झाला. तबकडी आणणाऱ्यास ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. मैदान ओसंडून वाहिले, जमाव आत घुसला, खेळपट्टीची नासधूस झाली आणि दुसरा सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल करावा लागला. खेळासाठी न आलेली गर्दी खेळच बंद पाडू शकते, हे व्हेक यांना लाकडी पायावर मैदानात उभे राहून पाहावे लागले. १९८१ च्या प्रारंभी त्यांनी संघ विकला.

बेसबॉलच्या गणितात व्हेक यांच्या विचारांचे मूळ आहे. १९४८ च्या जगज्जेत्या क्लीव्हलंडनेही त्या हंगामात ९७ सामने जिंकले आणि ५८ गमावले. म्हणजे सर्वोत्तम संघाच्या मालकालाही आजच्या तिकिटावर विजयाची हमी देता येत नाही. दिवस आनंदात जाईल, एवढी हमी तो देऊ शकतो. विजयाची आशा माणसाला मैदानाकडे खेचते आणि त्या दिवसाची आठवण त्याला परत आणते. या दोन्हींची सांगड जेथे पडली, तेथे व्हेक यांनी विक्रम केले. जेथे एकच बाजू हाती होती, तेथे त्यांना थोडा काळच तग धरता आला.

अखेरच्या वर्षांत ते रिग्ली फील्डच्या छप्पर नसलेल्या स्वस्त बाकांवर, उघड्या अंगाने, सामान्य प्रेक्षकांत बसत. २ जानेवारी १९८६ रोजी त्यांचे निधन झाले. १९९१ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळाले. २००६ मध्ये कब्स आपल्या गटात अगदी तळाशी होते. तरीही त्या हंगामात रिग्ली फील्डवर ३१ लाखांहून अधिक प्रेक्षक आले आणि १९३७ मध्ये लावलेल्या आयव्हीच्या वेली त्या वर्षीही भिंतीवर हिरव्यागार होत्या.