यशवंतराव चव्हाण

यशवंतराव बळवंतराव चव्हाण (१२ मार्च १९१३ – २५ नोव्हेंबर १९८४) हे भारतीय स्वातंत्र्यसैनिक, महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री आणि भारताचे संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र मंत्री होते. १९७९ मध्ये ते काही काळ उपपंतप्रधानही होते. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवानंतर संरक्षण मंत्रालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. शत्रूविषयीची गुप्तवार्ता गोळा करण्यात व तिचा अर्थ लावण्यात झालेल्या उणिवा सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी संसदेपुढे मांडल्या. मूळ चौकशी अहवाल मात्र गोपनीय ठेवण्यात आला. त्यामुळे गुप्तचर यंत्रणांवरील संसदीय देखरेखीच्या चर्चेत त्यांच्या या निवेदनाचा उल्लेख महत्त्वाचा ठरतो.

प्रारंभिक जीवन

यशवंतरावांचा जन्म तत्कालीन सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. लहानपणीच वडिलांचे निधन झाल्याने आई विठाबाई यांनी हलाखीत मुलांना वाढवले. त्यांचे शालेय शिक्षण कराड येथे झाले. विद्यार्थिदशेतच ते स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले आणि १९३२ मध्ये त्यांना अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि १९४१ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण केली. १९४२ मध्ये त्यांचा विवाह वेणूताईंशी झाला. त्याच वर्षीच्या चले जाव चळवळीत त्यांनी सातारा जिल्ह्यात भूमिगत राहून काम केले.

राज्याचे नेतृत्व

१९४६ च्या निवडणुकीत ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि गृहखात्याचे संसदीय सचिव झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर त्याचे पहिले मुख्यमंत्रिपदही त्यांच्याकडेच आले.

त्यांच्या मंत्रिमंडळात महसूल खाते यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक यांच्याकडे होते. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींच्या आधारे १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात पंचायत राज्य व्यवस्था सुरू झाली.

चीन युद्धाची पार्श्वभूमी

चीनने अक्साई चीनमधून बांधलेला रस्ता १९५७ मध्ये पूर्ण झाला होता. भारतीय संसदेला मात्र याची अधिकृत माहिती १९५९ मध्ये मिळाली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लोंगजू येथे चकमक झाली. सरकार सीमेवरील परिस्थिती सदनापासून लपवत असल्याची टीका सदस्यांनी केली. या दबावामुळे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांच्या रूपाने प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. पहिली श्वेतपत्रिका सप्टेंबर १९५९ मध्ये निघाली. संसदेला अशा प्रकारे राजनैतिक कागदपत्रे पाहता आली, पण चिनी सैन्याच्या हालचालींविषयीचे गुप्त अहवाल तिच्या कक्षेबाहेरच राहिले.

त्या काळी परदेशांविषयीची गुप्तवार्ता गोळा करण्याचे काम मुख्यतः गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील इंटेलिजन्स ब्यूरोकडे होते. १९५० पासून बी. एन. मलिक हे ब्यूरोचे संचालक होते. सेनादलाचे स्वतंत्र गुप्तवार्ता संचालनालय होते, परंतु तिबेटमधील माहितीसाठी ते मोठ्या प्रमाणात ब्यूरोवर अवलंबून होते.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमा प्रदेश म्हणजेच नेफा या दोन्ही आघाड्यांवर मोठा हल्ला केला. संसदेतील व पक्षातील रोषामुळे संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना ७ नोव्हेंबर रोजी मंत्रिमंडळातून बाहेर पडावे लागले. ८ नोव्हेंबरपासून लोकसभेत युद्धावर दीर्घ चर्चा झाली. यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी अणे हे त्या वेळी नागपूरचे प्रतिनिधी म्हणून आणि नाथ पै हे राजापूरचे प्रतिनिधी म्हणून या लोकसभेचे सदस्य होते. सदनाचे गुप्त अधिवेशन घेण्याची एल. एम. सिंघवी यांची सूचना नेहरूंनी मान्य केली नाही. त्यामुळे बंद दाराआडही गुप्तवार्तेची छाननी करण्याची संधी सदनाला मिळाली नाही.

संरक्षण मंत्रिपद

नेहरूंच्या बोलावण्यावरून यशवंतराव दिल्लीला गेले आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. सेला आणि बोमडिला नुकतेच हातचे गेले होते, आणि चीनची एकतर्फी युद्धबंदीची घोषणा त्याच सुमारास झाली होती. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, अशी भावना तेव्हा महाराष्ट्रात व्यक्त झाली. त्यांच्या जागी मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. कन्नमवारांच्या निधनानंतर डिसेंबर १९६३ मध्ये हे पद वसंतराव नाईक यांच्याकडे आले. यशवंतराव पुढे नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

मेनन यांच्या काळात मंत्री आणि सेनाधिकारी यांच्यात अविश्वास निर्माण झाला होता. तो दूर करण्यासाठी यशवंतरावांनी तिन्ही दलांचे प्रमुख आणि मंत्रालयाचे सचिव यांच्यासह रोज सकाळी बैठक घेण्याची पद्धत सुरू केली.

हेंडरसन ब्रुक्स चौकशी

पराभवाची कारणे शोधण्यासाठी नवे लष्करप्रमुख जनरल जे. एन. चौधरी यांनी डिसेंबर १९६२ मध्ये लेफ्टनंट जनरल टी. बी. हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉस विजेते ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत यांची समिती नेमली. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वव्यवस्था, सैनिकांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची आपल्या सैनिकांवर प्रभाव पाडण्याची पात्रता हे तिच्यापुढील पाच विषय होते. गुप्तवार्ता, कर्मचारी अधिकाऱ्यांची कार्यपद्धती आणि युद्धाचे वरिष्ठ पातळीवरील संचालन या बाबींचाही समितीने विचार केला. समितीचा अहवाल जुलै १९६३ मध्ये संरक्षणमंत्र्यांना सादर झाला.

ही चौकशी सेनादलाची अंतर्गत चौकशी होती. इंटेलिजन्स ब्यूरो ही मुलकी यंत्रणा असल्याने तिच्या कारभाराची तपासणी करण्याचा अधिकार समितीला नव्हता. संसदेने नेमलेली स्वतंत्र चौकशी झाली नाही.

संसदेतील निवेदन

अहवाल सदनापुढे ठेवावा, अशी मागणी होत असताना २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी संसदेत निवेदन केले. संपूर्ण अहवाल प्रसिद्ध केल्यास देशाच्या सुरक्षिततेला बाधा येईल आणि सीमेवरील जवानांच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, अशी भूमिका त्यांनी घेतली. मात्र अहवालातील मुख्य निष्कर्ष त्यांनी विषयवार सांगितले.

गुप्तवार्तेच्या बाबतीत त्यांनी तीन टप्प्यांवरील दोष मान्य केले. पहिला टप्पा संकलनाचा होता. माहिती मिळवण्याचा वेग कमी होता आणि अहवाल मोघम होते. दुसरा टप्पा मूल्यमापनाचा होता. चिनी सैन्याच्या जमवाजमवीचे स्पष्ट चित्र तयार झाले नव्हते. नव्या हालचालींचा जुन्या तैनातीशी मेळ घातला गेला नव्हता. त्यामुळे समोर आलेले सैन्य नव्याने आणलेले आहे की जुनेच सैन्य जागा बदलून आले आहे, हे आघाडीवरील तुकड्यांना कळत नव्हते. तिसरा टप्पा प्रसाराचा होता. हाती आलेली माहिती लढणाऱ्या तुकड्यांपर्यंत पुरेशा वेगाने पोहोचत नव्हती. युद्धासंबंधीच्या मूलभूत धोरणाची दिशा ठरवणे ही सरकारची जबाबदारी असल्याचेही त्यांनी निवेदनात मान्य केले.

सेनेची पुनर्रचना आणि नंतरची पदे

यशवंतरावांच्या कार्यकाळात पर्वतीय युद्धासाठी खास डिव्हिजन उभारण्यात आल्या. १९६४ ते १९६९ या काळासाठी सुमारे ५,००० कोटी रुपयांची संरक्षण योजना आखण्यात आली. ८,२५,००० सैनिकांची सेना आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल ही तिची उद्दिष्टे होती. १९६५ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात तेच संरक्षणमंत्री होते. जानेवारी १९६६ मधील ताश्कंद परिषदेलाही ते उपस्थित होते.

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले आणि इंटेलिजन्स ब्यूरो त्यांच्या मंत्रालयाच्या अखत्यारीत आला. सप्टेंबर १९६८ मध्ये परदेशविषयक गुप्तवार्तेचे काम ब्यूरोकडून काढून मंत्रिमंडळ सचिवालयातील रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग अर्थात रॉ या नव्या संस्थेकडे देण्यात आले. रा. ना. काव तिचे पहिले प्रमुख झाले. ही संस्था कार्यकारी आदेशाने स्थापन झाली. तिच्यासाठी संसदेने वेगळा कायदा केला नाही.

यशवंतराव १९७० मध्ये अर्थमंत्री, १९७४ मध्ये परराष्ट्रमंत्री आणि १९७७ च्या सत्तांतरानंतर लोकसभेतील विरोधी पक्षनेते झाले. आठव्या वित्त आयोगाचे ते अध्यक्ष होते. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. कृष्णाकाठ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे.

मूल्यमापन

१९६३ च्या निवेदनाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका मतानुसार, पराभवाच्या जखमा ताज्या असताना आणि सीमेवर धोका कायम असताना त्यांनी सदनाला शक्य तेवढी माहिती दिली आणि सेनेची बदनामी टाळली. दुसऱ्या मतानुसार, मूळ अहवाल हाती नसल्याने मंत्र्यांनी काढलेला सारांश पडताळून पाहण्याचे साधन संसदेकडे उरले नाही. बी. एन. मलिक यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत ब्यूरोची बाजू मांडली. परंतु ब्यूरो आणि सेना यांच्या परस्परविरोधी दाव्यांचा निवाडा करणारी संसदीय समिती तेव्हा नव्हती.

हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी त्यातील माहिती अजूनही लष्करीदृष्ट्या संवेदनशील असल्याचे संसदेला सांगितले. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी अहवालाचा काही भाग इंटरनेटवर खुला केला.

अमेरिकेच्या सिनेटने १९७६ मध्ये गुप्तवार्तेसाठी कायमस्वरूपी समिती नेमली. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने अशी समिती अस्तित्वात आली. भारतात १९९३ पासून संरक्षण व गृह या विषयांच्या संसदीय स्थायी समित्या आहेत, मात्र गुप्तचर संस्थांवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र समिती नाही. २०११ मध्ये लोकसभा सदस्य मनीष तिवारी यांनी या संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी खासगी विधेयक मांडले, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.