हार्ले अर्ल : रूपवान मोटारींचा शिल्पकार

पन्नासच्या दशकातील अमेरिकी मोटार म्हटली की लांबलचक बॉनेट, क्रोमची झळाळी आणि मागे उंचावलेले पंख डोळ्यांसमोर येतात. या रूपामागे सर्वांत मोठा वाटा होता हार्ले अर्ल यांचा.

अर्ल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८९३ रोजी हॉलिवूडमध्ये झाला. वडिलांचा घोडागाड्या बांधण्याचा व्यवसाय होता. पुढे तेथे चित्रपटताऱ्यांसाठी खास मोटारींच्या बॉडी तयार होऊ लागल्या. स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून अर्ल त्याच कामात रमले. १९२७ साली त्यांनी घडविलेली 'लासाल' गाजली आणि जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांच्या हाती स्वतंत्र आरेखन विभाग सोपविला. मोटारीचे रूप ठरविणे ही तोवर अभियंत्यांची मिरासदारी होती. अर्ल यांनी मातीचे नमुने घडवून गाडीचा आकार निश्चित करण्याची पद्धत रूढ केली.

लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानाच्या दुहेरी शेपटीने त्यांना भुरळ घातली आणि १९४८ च्या कॅडिलॅकला छोटे पंख फुटले. १९५३ साली फायबरग्लासची कॉर्व्हेट अवतरली. पहिल्या वर्षी तिच्या अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. १९५५ ते १९५७ च्या शेव्हरोले बेल एअर गाड्याही त्यांच्याच अमदानीतल्या. १९५८ अखेर ते निवृत्त झाले, तेव्हा १९५९ च्या कॅडिलॅकचे पंख कळसाला पोहोचले होते.

दरवर्षी नवे रूप आणून जुन्या गाडीविषयी मालकाच्या मनात असमाधान निर्माण करणे, हे स्लोन आणि अर्ल यांच्या व्यापारनीतीचे सूत्र होते. या नीतीने उधळपट्टीला खतपाणी घातले, हा आक्षेप खोडून काढणे कठीण आहे. पण काळाने या हिशेबाला वेगळेच वळण दिले. अमेरिकेच्या व्यापारबंदीमुळे नव्या अमेरिकी गाड्यांना मुकलेल्या क्यूबात लोकांनी जुन्या शेव्हरोलेत मिळेल ते इंजिन बसवून त्या पिढ्यान्‌पिढ्या चालविल्या. खुद्द अमेरिकेत नातवंडे आजोबांची बेल एअर जिवापाड जपतात. आपल्याकडेही शिवडीच्या कारखान्यात १९२८ पासून १९५४ पर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्यांची जुळणी होई. त्यामुळे मुंबईकरांनाही ही रूपे परकी नव्हती.

१० एप्रिल १९६९ रोजी फ्लोरिडात अर्ल यांचे निधन झाले. काही वर्षांतच बदलल्या जाव्यात म्हणून घडविलेल्या त्यांच्या गाड्या सहा-सात दशकांनंतरही मालकांच्या हातून सुटत नाहीत.