राजर्षींचा देह आणि स्नायूंचे आरोग्य

कोल्हापूरला कुस्तीची पंढरी बनवणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट आणि धारवाड येथे शिकून २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. उंचापुरा, धिप्पाड बांधा लाभलेल्या महाराजांचे तरुणपण व्यायाम, घोडदौड, शिकार आणि कुस्तीत गेले. १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे कलोसियम पाहून त्यांना भव्य कुस्ती मैदानाची कल्पना सुचली. १९१२ मध्ये खासबाग मैदान पूर्ण झाले.

मल्लांना राजाश्रय देणाऱ्या या राजाचा देह मात्र पुढे स्थूल झाला आणि मधुमेह मागे लागला. १९१८ मध्ये धाकटे पुत्र शिवाजी यांचा शिकारीत अपघाती मृत्यू झाला. त्या दुःखातही दौरे, परिषदा आणि बहुजनांच्या शिक्षणाचे काम थांबले नाही.

स्थूलता आणि मधुमेह यांचा एक दुवा स्नायूंत आहे. स्नायूंमधील प्रथिने रोज झिजतात आणि रोज नव्याने बनतात. जेवणानंतर वाढणारे इन्सुलिन रक्तातील साखर स्नायूंत पोहोचवते आणि प्रथिनांची झीज आवरते. स्थूलपणात चरबी त्वचेखाली आणि पोटात साठतेच, शिवाय स्नायूंच्या तंतूंतही शिरते. मग स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. तेवढेच दूध, अंडी किंवा मटण खाल्ले, तरी नवी प्रथिने बनण्याचा वेग अनेकदा कमी राहतो. पेशींतील ऊर्जाघरे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, यांची क्षमताही घटू शकते. परिणामी वजन वाढते, पण त्या प्रमाणात ताकद वाढत नाही आणि लवकर दम लागतो.

तालमीतल्या पैलवानाचे वजनही भारी असते. पण जोर-बैठकांमुळे त्याचे स्नायू साखर वापरतात आणि खुराकातील प्रथिने सत्कारणी लावतात. व्यायाम सुटला आणि खुराक तसाच राहिला, की हे गणित बिघडते.

महाराजांच्या काळी मधुमेहावर पथ्याखेरीज फारसा इलाज नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. ते औषध भारतात पोहोचण्यापूर्वीच, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत हृदयविकाराने महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७.

आज इन्सुलिन उपलब्ध आहे आणि साखर घरबसल्या तपासता येते. पण औषधाच्या जोडीला स्नायूंना रोजचे काम हवेच. नियमित चालणे, झेपेल तेवढ्या बैठका किंवा वजने उचलणे यांमुळे स्थूल व्यक्तीचे स्नायूही इन्सुलिनला पुन्हा चांगली दाद देऊ लागतात, वजन फारसे उतरले नसले तरी. मधुमेह किंवा हृदयविकार असल्यास मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरुवात करावी.